सहावी बाटली

१

अण्णा गेले तेव्हा माझ्या वहीत साडेदहानंतरचे पंधरा नग होते आणि गाडीतही पंधराच होते. एक कमी नाही, एक जास्त नाही. वही माझी, अक्षर माझं, म्हणून हे सांगायचंही मलाच आहे.

आमचं काम घाणीचं, असं लोकांना वाटतं. घाण परवडली, ती धुतली की जाते. आम्ही नेतो ते फुगलेले सेल, फुटक्या ट्यूबा, थिनर, झुरळांचं औषध, संडासचं ॲसिड, कपड्यांचं ब्लीच. लोक हे सगळं खुशाल रोजच्या कचऱ्यात लोटतात किंवा मोरीत ओततात, आणि कचरा वेचणारीचा हात भाजला की हळहळतात. ते टळावं म्हणून आमची गाडी दर शनिवारी एकेका इमारतीच्या आवारात उभी राहते. मी टेबलाशी बसते, बाटली बघते, वहीत लिहिते. जावई ती उचलून गाडीत देतो. गाडीत अण्णा. लाल पिंपात ॲसिड, निळ्या पिंपात ब्लीच, पिवळ्यात तेल आणि थिनर. बाकीच्यांना खोकी.

जावई म्हणजे अण्णांचा सख्खा जावई. सगळं खातं त्याला जावईच म्हणतं. मला समोर केमिस्टबाई म्हणतात आणि पाठीमागे नियमबाई. माझी त्याला ना नाही. दर घरामागे पाचच नग घ्यायचे, हा नियम माझा. नाहीतर लोक दहा वर्षांचं कपाट एका दिवसात आमच्या गळ्यात मारतील, गाडी काय रबराची आहे? जागा पुरावी म्हणून बाटल्या पिंपात ओतायच्या, हाही माझाच. आणि टेबलाशी गप्पा नाहीत. लोकांना बाटलीबरोबर बाटलीची कहाणीसुद्धा द्यायची असते. कहाणीचं पिंप माझ्याकडे नाही.

त्या शनिवारी साडेदहापर्यंतचा माल ओतून झाला होता, त्याच्या बाटल्या चेपून पोत्यात गेल्या होत्या. त्यानंतर तीनच घरं आली. प्रत्येकी पाच नग, प्रत्येकात एक ब्लीचची बाटली. तिन्ही बाटल्या सारख्याच, नाक्यावरच्या दुकानातल्या, पांढऱ्या, दोन लिटरच्या.

अकराला गाडीतून खोकला ऐकू आला. मग काहीतरी पिंपावर आपटलं. जावई आत उडी मारून गेला आणि अण्णांना काखेत धरून ओढत बाहेर आला. दोघांच्या मागून हिरवट पिवळा धूर निघाला. मी ओळखला. रसायनाच्या पहिल्या वर्षाला असलेला कुणीही ओळखेल.

एरवी माणूस वास आला की मागे सरतो. अण्णांचं नाक या कामात केव्हाच गेलं होतं. "बरंय बाई, घरी करपलेलंही कळत नाही," असं हसून सांगायचे. दुपारी दोनला दवाखान्यात ते गेले. छातीच आतून भाजली होती, असं डॉक्टर म्हणाले.

संध्याकाळी मी मास्क चढवून गाडीत गेले. ब्लीचच्या तीन रिकाम्या बाटल्या तिथेच होत्या. जमिनीवर एक ताजं तोडलेलं सील पडलं होतं. तिसरी बाटली अण्णांनी पडताना सोडलेली. तिच्या मानेला गडद निळ्या कापडाची चिंधी बांधली होती, ओघळ पुसायला लोक बांधतात तशी. लेबल शाबूत होतं. तळाशी चमचाभर पाणी उरलं होतं, निळसर. मी लिटमसचा कागद बुडवला आणि तो झटकन लाल झाला.

ब्लीचच्या बाटलीत ॲसिड होतं.

२

"सरळ आहे हो," त्या रात्री चौकीत फौजदार म्हणाला. त्याला सगळंच सरळ वाटतं. "सासऱ्याजावयाचं सकाळी कडाक्याचं भांडण झालं. अख्ख्या इमारतीनं ऐकलं. बाटल्या हातात द्यायचं काम जावयाचं. ॲसिड त्याच्या हाताशी, रिकाम्या बाटल्या त्याच्या हाताशी. मुद्दाम म्हणा नाहीतर हलगर्जीपणा म्हणा, एका बाटलीतलं दुसरीत गेलं. सोमवारी कागद वर जातील."

"आणि ती चिंधी?"

"चिंधी ती चिंधीच, बाई." त्यानं ती सोडून टेबलावर टाकली. मी उचलून पिशवीत ठेवली. मला काही टाकवत नाही, धंद्याची खोड.

जावई बाहेर बाकावर बसला होता. डोळे लालभडक, दोन्ही हातांना पट्ट्या.

"भांडण कशावरून झालं?" मी विचारलं.

"ओतू नका म्हणत होतो. बाटल्या बंदच राहू द्या, तशाच नेऊ, दोन खेपा झाल्या तरी चालतील. अण्णा म्हणाले, बाईंनी ओतायचं सांगितलंय, ओतायचं." त्यानं हातांच्या पट्ट्यांकडे पाहिलं. "मग मी रागात होतो. त्या बाटल्या दिल्या तेव्हा बघितलंच नाही मी. माझाच हात होता, बाई."

मला त्याचा रागच आला. पण कशाचा, हे तेव्हा नीट कळलं नाही.

रविवारी सकाळी अण्णांची लेक माझ्या दारात आली. आत ये म्हटलं तर उंबऱ्यातच उभी राहिली.

"तो काल रात्रीपासून आमच्या पायरीवर बसलाय. मी दार उघडलं नाही. शेजारच्यांनी पाणी दिलं, मी दिलं नाही." आवाज कोरडा होता तिचा. "बाई, मला कोर्टाशी कर्तव्य नाही. तुम्ही रसायनवाल्या, तुम्हाला कळतं. मला एकच सांगा, त्याच्या हातून झालं का? झालं असेल तर मी त्याच्यासोबत एका घरात राहू शकत नाही. बापाला मारणाऱ्याला जेवायला कसं वाढू? आणि झालं नसेल..."

नसेल, तर निर्दोष माणूस पायरीवर बसला होता आणि दार तिनंच लावलं होतं.

"सोमवारच्या आत सांगते," मी म्हटलं.

ती वळली, मग म्हणाली, "सांगालच. अण्णा म्हणायचे, बाईंचं काम पक्कं असतं."

३

तीन घरं. तळमजल्यावर चांदीची दागिनेदुरुस्ती करणारा, पहिल्या मजल्यावर टेलरकाका, तिसऱ्यावर घरातच पार्लर चालवणारी बाई. या तिघांपैकी कुणीतरी ब्लीचच्या नावाखाली ॲसिड आणलं होतं, किंवा मग जावयानंच गाडीत घोळ केला होता. पाचवा मार्ग नव्हता.

माझा पहिला संशय चांदीवाल्यावर. त्याच्याकडे ॲसिड असतंच. मागच्या फेरीला, तीन महिन्यांपूर्वी, तो धंद्याच्या ॲसिडचा कॅन घेऊन आला होता आणि मी तो परत पाठवला होता. आम्ही घरचं घेतो, धंद्याचं नाही. तेव्हा त्यानं अण्णांना चार शब्द सुनावले होते. सरळ घेत नाहीत म्हटल्यावर माणूस बाटली बदलून आणतो. जगाची रीतच आहे ती.

तो खिडकीशी वाकून साखळीचा आकडा जोडत होता. मान वर न करताच म्हणाला, "या. मला माहीत होतं तुम्ही आधी इथेच येणार. चोर सोडून संन्याशाला फाशी."

"संन्यासी चांदी विकत नाहीत."

तो हसला नाही. "माझ्या ॲसिडला रंग असतो का कधी, बाई? असलाच तर पिवळट. तुमच्या त्या बाटलीतलं निळं होतं म्हणे, फौजदारच सांगत होता. आणि धंद्याचं मी आता माल देणाऱ्याकडेच परत करतो. तुम्ही हाकलल्यावर अक्कल आली."

"मग शनिवारी ब्लीच का आणलंत?"

"बायकोनं आणलेली बाटली. त्या वासानं चांदी काळी पडते. एक अख्खी ताटली वाया गेली माझी. म्हटलं, फोडू नकोस, तशीच गाडीत दे."

"म्हणजे बाटली फोडलेली नव्हती?"

"सीलसकट दिली. तुमच्या अण्णांनीच फोडली असेल."

माझ्या पिशवीत ते सील होतं. मी काढून त्याच्या टेबलावर ठेवलं. त्यानं भिंगातून पाहिलं. "हेच. दुकानातलं." सीलबंद बाटलीत कुणी ॲसिड भरू शकत नाही. चांदीवाला सुटला.

मी दाराशी पोचले तेव्हा तो पाठमोराच म्हणाला, "त्या पोराचे हात बघितलेत का? मारणारा माणूस धुरात उडी घेत नाही, बाई."

४

पार्लरवालीनं दार उघडलं तेच भांडायच्या तयारीनं. "मी काय विष घेऊन हिंडते का? पोलीस झाले, आता तुम्ही! काल दोन गिऱ्हाइकं परत गेली माझी!"

"माणूस गेलाय," मी म्हटलं.

ती खाली बसली. मग उठून आतून एक काळा ॲप्रन घेऊन आली आणि माझ्या अंगावर टाकला.

"हा बघा. नवा कोरा होता. शनिवारी तुमची ती बाटली पोटाशी धरून तीन मजले उतरले. झाकण सैल, सगळी ओघळली. तिथेच अण्णांना दाखवलं. म्हणाले, ताई, लगेच पाण्यात घाला. घातलं, तरी उपयोग झाला नाही."

काळ्या कापडावर छातीपासून खालपर्यंत पांढरट तांबूस पट्टा उतरला होता. असा रंग ब्लीचच उडवतं. ती खोटं बोलली असती तरी ॲप्रन बोलला नसता. तिच्या बाटलीत ब्लीचच होतं.

"माझ्याशी शेवटचं तेच बोलले," ती म्हणाली आणि ॲप्रनची घडी घालत बसली.

म्हणजे उरले टेलरकाका. माझं मनच घेईना. अख्ख्या इमारतीत नियम पाळणारा माणूस कोण, तर टेलरकाका. सेल वेगळ्या डबीत, ट्यूब कागदात गुंडाळलेली, सुया बूच लावून. मी इतर इमारतींत त्यांचं उदाहरण द्यायची. त्यांच्यापेक्षा जावयावर शंका घेणं सोपं होतं, आणि मी घेतलीही. जिन्यात उभी राहून मनाशी म्हटलं, रागाच्या भरात हात चुकतो, चुकला असेल.

मग वही उघडली. शनिवारचं पान: टेलर, पहिला मजला. ब्लीच, मशीनचं तेल, सेलची डबी, ट्यूब, डागांचं औषध. पाच.

सवयीनं मागच्या फेरीचं पानही उलटलं. तिथे माझ्याच टपोऱ्या अक्षरात लिहिलं होतं: टेलर, पहिला मजला. सहा आणले. पाच घेतले. सहावी बाटली परत – संडासचं ॲसिड, निळं, अर्धी. नियम समजावून सांगितला.

मी पुन्हा शनिवारचं पान पाहिलं. तेल होतं, सेल होते, ट्यूब होती. ॲसिड नव्हतं.

ज्या माणसाला घरात सुईसुद्धा उघडी चालत नाही, त्यानं ते परत नेलेलं निळं ॲसिड तीन महिन्यांत केलं काय?

५

टेलरकाकांचं मशीन बंद होतं. तुकडे, रिळं, मापाच्या पट्ट्या सगळं जागच्या जागी. ते हात मांडीवर ठेवून मशीनसमोर बसले होते, जणू काम संपून दिवस झाले.

"आलात," ते म्हणाले. "वाटच बघत होतो. पण मी आपणहून आलो नाही, ती चूक माझी."

"काका, निळं ॲसिड कुठे आहे?"

"तुम्ही नेलंत की काल." त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "गेल्या फेरीची अर्धी उरली होती. नंतर बहिणीच्या घरातली अर्धी आली. तेल, सेल, ट्यूब, डागांचं औषध आणि या दोन, पुन्हा सहा. म्हटलं, बाई पुन्हा परत पाठवणार. कशाला त्रास? दोन्ही एकाच जातीच्या, तेही बघून घेतलं मी. ब्लीचची मोठी बाटली रिकामी होती, झाकण घट्ट. सात पाण्यांनी धुतली, उन्हात वाळवली, दोन्ही तिच्यात ओतल्या. पाच झाले. नियमात बसलं."

"वर ब्लीचचं लेबल होतं, काका."

"म्हणून तर चिठ्ठी बांधली ना!" त्यांचा आवाज चढला. "कागद भिजतो, म्हणून कापडाची. दोऱ्यानं दोन गाठी मारून मानेला बांधली. ठळक लिहिलं होतं. त्या पोरानं वाचलंच नाही, बाई. पण पोलिसांना मी ते सांगितलं नाही. बापाविना झालेल्या पोरीचा नवरा माझ्या तोंडानं आत जायचा? त्यांनी विचारलं, ब्लीच आणलं होतं का. मी म्हटलं, वहीत लिहिलंय तसं. खोटं बोललो नाही, खरंही बोललो नाही."

मी पिशवीतून चिंधी काढली. त्यांनी ती हातात घेतली, उलटली, पुन्हा उलटली. दोन्ही बाजू कोऱ्या होत्या.

"कशानं लिहिलं होतंत?"

त्यांची नजर मशीनवरच्या पत्र्याच्या डबीकडे गेली. तिच्यात कापडावर खुणा करायचे पांढरे खडू होते. चाळीस वर्षं ते कापडावर त्याच खडूनं लिहीत आले होते. शिवण झाली की झटकून खूण जावी, म्हणूनच तो खडू असतो. आणि ती बाटली चार नगांसोबत एका पिशवीत, घासत घासत, एक मजला उतरून आली होती.

मी चिंधी खिडकीशी तिरपी धरली. ऊन कापडावरून सरकलं आणि धाग्यांत अडकलेली पांढरी भुकटी जेमतेम दिसली. 'आत ॲसिड. जपून.'

काकांनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. म्हातारा माणूस मोठ्यानं रडायला लागला की आपण काय करायचं, ते मला कुणी शिकवलेलं नाही. मी उभीच राहिले.

"तरी मी तुम्हाला सांगायला लागलो होतो," ते हुंदक्यातून म्हणाले. "टेबलाशी. म्हटलं, बाई, या बाटलीचं एक सांगायचंय..."

आणि मला आठवलं. मान वर न करता मी लेबल पाहिलं होतं, 'ब्लीच – १' लिहिलं होतं आणि म्हटलं होतं, "गप्पा नंतर काका, पुढे सरका."

६

फौजदारानं सगळं ऐकून घेतलं आणि कपाळाला हात लावला. "म्हणजे आता आरोपी कोण? म्हातारा? खडू?"

"लिहा," मी म्हटलं. "जावयाच्या हातात ब्लीच म्हणून आलेली बाटली त्यानं ब्लीच म्हणून दिली. ती ब्लीच आहे असं वहीत मी लिहिलं होतं. पाचचा नियम माझा, ओतायचा नियम माझा, आणि सांगायला आलेल्या माणसाला मी बोलू दिलं नाही. लिहा तसंच. सही करते."

"बाई, नोकरी जाईल तुमची."

"जाऊ दे." हे शौर्य नव्हतं. जगाच्या चुका काढत मी नाकानं कांदे सोलत आले, आणि अंधार माझ्याच दिव्याखाली होता.

तिथून मी अण्णांच्या घरी गेले. जावई पायरीवरच होता, भिंतीला डोकं टेकून. मी त्याला काही म्हटलं नाही. जिनं विचारलं, तिलाच आधी उत्तर मिळायला हवं. दार वाजवलं. लेकीनं अर्धंच उघडलं.

मी उभ्याउभ्या सगळं सांगितलं. सहावी बाटली, चिंधी, खडू. माझं वाक्यही सांगितलं, जसंच्या तसं. "त्याच्या हातून नाही झालं, पोरी. तो म्हणत होता तसं बाटल्या बंद ठेवल्या असत्या, तर अण्णा आज असते. त्याचं बरोबर होतं. माझं चुकलं."

ती माझ्याकडे बघत राहिली. वाटलं, थोबाडीत मारेल. मारली असती तर बरं झालं असतं.

"अण्णांना मी सांगायची, मास्क लावत जा," ती हळूच म्हणाली. "ते म्हणायचे, कशाला? टेबलावर बाई बसल्यात. बाईंच्या नजरेखालून गेलेली बाटली मी डोळे मिटून ओततो."

मग तिनं दार पूर्ण उघडलं, माझ्या बाजूनं पुढे आली आणि पायरीवर त्याच्याशेजारी बसली. पट्टी बांधलेला त्याचा हात तिनं मांडीवर घेतला. तो आधी दचकला. ती म्हणाली, "चल आत. दोन दिवस जेवला नाहीस." तो उठेना, तेव्हा तिनंच त्याला काखेत धरून उठवलं. शनिवारी त्यानं अण्णांना धरलं होतं तसं.

दोघं आत गेली. तिनं माझ्याकडे वळून पाहिलं नाही. दार लागलं, आतून कडीचा आवाज आला, आणि मी जिना उतरले.

पुढच्या शनिवारी टेबलाशी दुसरी बाई बसली. जाण्याआधी मी तिला वही दिली आणि पुठ्ठ्यावर स्वतः लिहिलेली पाटी दिली. हातात जे असेल ते, ज्या बाटलीत आहे त्याच बाटलीत, बंद, कितीही आणा. आणि काही सांगायचं असेल तर आधी सांगा. आम्ही ऐकतो.